हिरवळ की हरळी : मराठवाड्यातल्या डॉग पार्कची पार्श्वभूमी

पाळीव कुत्र्यांना मोकळं सोडता यावं म्हणून कुंपण घातलेली सार्वजनिक जागा राखण्याची रीत अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७९ साली सुरू झाली. आपल्या शेजारी, हैदराबादेत, ती २०१८ मध्ये पोचली. सुमारे १.३ एकर जागा, मऊ हिरवळ, कुत्र्यांना डुंबायला उथळ टाकी. मराठवाड्यात आज डॉग पार्कचा विषय निघाला की हेच चित्र पुढे ठेवलं जातं.

कुत्रं पाळणं इथे नवं नाही. लातूर भागातला सडपातळ, लांब पायांचा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा माळावर ससा पळवत वाढलेला. त्याला पार्कातल्या उड्या मारायच्या कमानींपेक्षा सरळ, लांब धावपट्टी लागते.

खरा वाद हिरवळीचा आहे. विकतची हिरवळ एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी मागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्यानंतरही इथल्या बागेच्या आराखड्यात फवारे दाखवले जातात, हे पटत नाही. शिवाय कुत्र्याच्या मूत्रातल्या नत्राने हिरवळीवर पिवळे चट्टे पडतात आणि ते धुवायला आणखी पाणी लागतं. हरळी, म्हणजे माळावर आपोआप उगवणारं गवत, मात्र उन्हाळ्यात वाळते आणि मृगाचा पाऊस पडला की मुळापासून पुन्हा फुटते.

हिरवळीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे: वाढलेल्या गवतात गोचीड होतात, घोणसही दडते. कुसळी या माळावरच्या गवताचा त्रास तर वेगळाच. पावसाळा सरता सरता तिचं बी पिकतं. त्याचं टोक सुईसारखं आणि मागची शेपटी पिळदार. ओल लागली की ती उलगडते आणि बी केसांतून कातडीत, कानात शिरतं. म्हणून कुसळी बी धरण्याआधीच कापायची, चालायच्या वाटांवरचं गवत आखूड ठेवायचं आणि उंच गवत कुंपणाबाहेर राहू द्यायचं. एवढ्यासाठी सगळा माळ उकरून गादीवाफे घालायची गरज नाही.

जमिनीचंही तसंच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्यात उथळ रोवलेले कुंपणाचे खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतात. पाया खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरमाड उतार मिळाला तर पाणी निचरतं, चिखल होत नाही. फक्त विष्ठा ओढ्यात वाहून जाऊ नये म्हणून उताराच्या तळाशी चर हवा. सावलीला कडुनिंब, हिवर, बाभूळ आहेतच. बाभळीचे काटे मात्र पंजात रुततात, म्हणून ती धावपट्टीपासून लांब बरी.

अलीकडे याला मोकाट कुत्र्यांचा प्रश्न चिकटला आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अशा कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितलं. त्या जागा आणि डॉग पार्क एकाच भूखंडावर बसवण्याची कल्पना खर्च वाचवणारी वाटते. पण लस न टोचलेली कुत्री आणि पाळीव पिल्लं एकाच फाटकातून आत येणार असतील, तर दुहेरी फाटक (एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं असं) लावूनही उपयोग नाही. दोन्ही जागा वेगळ्याच हव्यात.