चाकांवरचा बंब

आमच्या गावभागातल्या जुन्या घरी परसात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत वरून करवंट्या आणि ढलप्या टाकायच्या, नळीभोवती पाणी. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर. बंब पेटवण्याआधी आजीची एकच ताकीद असायची, "आधी पाणी बघ." कोरडा बंब पेटला तर सांधे सुटायचे.

शंभर वर्षांपूर्वी वाफेवरची मोटार चालवणाऱ्याला नेमकी हीच ताकीद असे.

अमेरिकेतल्या स्टॅन्ली या जुळ्या भावांनी १८९७ साली पहिली वाफेची गाडी बनवली. त्यांच्या पुढच्या गाड्यांचं बॉयलर म्हणजे आपला बंबच, फक्त मधल्या एका नळीऐवजी पाचशेहून जास्त बारीक नळ्या. जाळाची ऊब तितक्या जास्त पत्र्यातून पाण्याला भिडते. बाहेरच्या पिंपाला पियानोची पोलादी तार घट्ट गुंडाळलेली, कारण आतला दाब वातावरणाच्या चाळीसेक पट. कुकरची शिट्टी साधारण दुप्पट दाबाला वाजते. इतक्या दाबाखाली पाणी २५० अंशांपर्यंत उकळतच नाही.

सकाळी किल्ली फिरवली आणि निघालो, असं इथे नाही. आधी छोटी ज्योत पेटवायची, तिच्या उष्णतेने इंधनाची वाफ झाली की मोठा बर्नर सुरू. गार गाडीला दाब धरायला वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर चहा होतो. मग वाफ इंजिनात सोडायची, पण जपून. थंड सिलिंडरला भिडून तिचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही. दट्ट्या (पिस्टन) त्यावर आदळला तर मोडतोड ठरलेली. म्हणून आधी निचऱ्याच्या तोट्या उघडून गाडी थोडी पुढे, थोडी मागे.

एकदा निघाली की मात्र मजा. क्लच नाही, गिअर नाही. पेट्रोलचं इंजिन फिरत असेल तरच जोर देतं, म्हणून चढावर नवशिक्याची गाडी बंद पडते. वाफ थांबलेल्या दट्ट्यालाही पूर्ण ताकदीने रेटते. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटात अगदी वळणावर गाडी थांबवली, तरी हाताजवळचा दांडा किंचित सरकवायचा, की निमूट पुढे. ही ताकद त्या क्षणीच्या जाळाची नसते, बॉयलरमधल्या कढत पाण्यात साठलेली असते. चढ लांबला की दाबाचा काटा हळूहळू खाली येतो आणि बर्नरला तो साठा भरून काढणं जमेनासं होतं. पण साठ्याचा जोर किती, तर जानेवारी १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर फ्रेड मॅरियटने स्टॅन्लीची गाडी ताशी २०५ किलोमीटरने पळवली. वाफेच्या गाडीचा तो अधिकृत विक्रम २००९ पर्यंत टिकला.

खरी डोकेदुखी पाण्याची. जुन्या गाड्यांत वापरलेली वाफ सरळ हवेत जायची, त्यामुळे किलोमीटरला दोन-सव्वादोन लिटर पाणी लागे. सांगली ते सातारा साधारण सव्वाशे किलोमीटर धरले, तर पावणेतीनशे लिटर! टाकी शंभरेक लिटरची, म्हणजे वाटेत दोनदा तरी बादल्या घेऊन उतरायचं. आणि पाणी कुठलंही चालत नाही. जत-आटपाडीकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्याला बसतो तो पांढरा थर नळ्यांवर बसला, की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा करपतो. बंब चिंचेने घासता येतो, पाचशे नळ्या कशा घासणार? १९१५ मध्ये स्टॅन्लीच्या गाड्यांत वाफेचं पुन्हा पाणी करण्याची सोय आली, तर सिलिंडरचं वंगण त्या पाण्यातून बॉयलरमध्ये जाऊ लागलं.

त्याआधीच, १९१२ मध्ये, कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला होता. पेट्रोलच्या गाडीचं हँडल मारताना मनगट मोडण्याची भीती गेली. बॉयलर तापायची वाट मग कोण बघणार?

चालकाची नजर रस्त्याइतकीच काचेच्या नळीवर असे. बॉयलरमधलं पाणी तिच्यात दिसतं. ते फारच उतरलं तर बारीक नळ्यांचे सांधे आधी गळतात, दाब निघून जातो आणि गाडी मुकाट उभी राहते.

मुक्कामी पोचल्यावर तळाची तोटी उघडून गाळ बाहेर फेकायचा. हे काम साताऱ्यातल्या गजबजलेल्या पोवई नाक्यावर मात्र करू नये. पाणी बाहेर पडताक्षणी त्यातलं बरंचसं वाफ होतं, आवाज कुकर फुटल्यासारखा, आणि दोन मिनिटं गाडीच दिसत नाही.