आवाज राहील, पण घोटाचे काय?

ज्या अवयवाला आपण मराठीत स्वरयंत्र म्हणतो, त्याचे नाव थोडे फसवे आहे. आवाज काढणे हे त्याचे उत्क्रांतीत मागाहून आलेले काम. मूळ काम श्वासनलिकेच्या दारावर पहारा देण्याचे. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते, म्हणून प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतो, कंठमणी वर उचलला जातो, एपिग्लॉटिस ही पानाच्या आकाराची झडप मागे कलते आणि तिच्याखाली खोटे (खऱ्यांच्या वर असलेल्या घड्या) व खरे (आवाज काढणारे) असे दोन्ही स्वरतंतू मिटतात. एवढ्या बंदोबस्तातूनही एखादा थेंब निसटला, तर ठसका लागतो. कर्करोगामुळे या यंत्रणेचा काही भाग काढावा लागणार असे कळले, की रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते आवाजाविषयी. साधे पाणी पिता येईल का, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हेच.

संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नामध्ये १८७३ च्या अखेरीस केली. अशा रुग्णाचा श्वास कायमचा मानेवरील छिद्रातून चालतो आणि नैसर्गिक आवाज जातो. गाठ मर्यादित असेल तर तेवढाच भाग काढून उरलेल्यावर काम चालवावे, हा अंशतः शस्त्रक्रियेमागचा विचार. मात्र ‘अंशतः’ या एकाच शब्दाखाली परस्परांहून फार वेगळ्या गोष्टी येतात.

स्वरयंत्राला तीन मजले आहेत असे मानले, तर मधल्या मजल्यावर खरे स्वरतंतू असतात. तिथली लहान गाठ तोंडावाटे लेझरने काढता येते. गिळण्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही, कारण वरची दारे शाबूत असतात. आवाजाचे मात्र किती खोलवर कापावे लागले त्यावर ठरते. स्वरतंतूवरचे मऊ, ओलसर आवरण लाटेसारखे हलते म्हणून आवाज निर्माण होतो. वरवरचा पापुद्रा काढला तर आवाज बराचसा पूर्ववत होऊ शकतो. स्नायूपर्यंत कापले तर तिथे ताठ व्रण येतो, फट राहते आणि बोलताना हवा सुटत राहते.

वरच्या मजल्यावर हिशेब नेमका उलटा होतो. उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरातील हुस्तो आलोन्सो यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत एपिग्लॉटिस आणि खोटे स्वरतंतू काढले जातात, खरे तसेच राहतात. आवाज जवळजवळ पहिल्यासारखा असतो, पण पहाऱ्याची वरची दोन दारे गेल्यामुळे पहिले काही आठवडे घोटागणिक ठसका. भेटायला आलेल्यांना स्पष्ट बोलणारा रुग्ण बरा झालेला वाटतो, आणि त्याच्या नाकात अजून अन्नाची नळी का, हे त्यांना उमगत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत धाडसी. मायर आणि रीडर यांनी १९५९ मध्ये व्हिएन्नातूनच मांडलेल्या या पद्धतीत दोन्ही बाजूंचे खरे-खोटे स्वरतंतू आणि कंठमण्याची अख्खी कूर्चा काढून टाकतात, आणि खालची अंगठीसारखी क्रिकॉइड कूर्चा वर ओढून जिभेच्या मुळाशी असलेल्या हायॉइड हाडाला शिवतात. क्रिकॉइडवर बसणाऱ्या ॲरिटेनॉइड या दोन लहान कूर्चांपैकी किमान एक, तिच्या स्नायू-नसांसह, हलती राहिली पाहिजे ही इथली अट. तीच पुढे झुकून एपिग्लॉटिसला किंवा जिभेच्या मुळाला टेकते, आणि त्या फटीतल्या थरथरीतून नवा आवाज उमटतो. तो खरखरीत असतो, लवकर दमतो, गाण्याच्या कामाचा राहत नाही. पण घरात, दुकानात, फोनवर समजतो, आणि शस्त्रक्रियेवेळी श्वासासाठी मानेवर केलेले छिद्र बहुतेकांचे पुढे बुजवता येते.

गिळणे मात्र नव्याने शिकावे लागते. स्पीच थेरपिस्ट सांगतात ते साधारण असे: श्वास घ्या, रोखा, जोर लावून गिळा, लगेच खोका, पुन्हा गिळा आणि मगच श्वास घ्या. सर्वांत अवघड असते पाणी, कारण ते दार मिटण्याआधीच पोचते; घट्ट दही किंवा मऊ शिरा सोपा. आमटी-भातासारखा पातळ आणि दाणेदार यांचा मिलाफ मऊ असूनही फसवतो, कारण आमटी पुढे धावते आणि भात मागे रेंगाळतो.

इथे यशाचे मोजमापही गुंतागुंतीचे होते. बेरियम हे क्ष-किरणांत दिसणारे द्रव पाजून गिळण्याची क्ष-किरण चित्रफीत घेतली, तर व्यवस्थित जेवणाऱ्या अनेकांतही थोडे द्रव श्वासनलिकेत उतरताना दिसते. उलट घशाची संवेदना मंदावली असेल, तर खूप उतरूनही खोकला येत नाही, आणि हे बिनठसक्याचे उतरणे अधिक घातक, कारण ते न्यूमोनिया होईपर्यंत कळत नाही. रेडिएशन आधी झाले असल्यास ऊती ताठर, तोंड कोरडे, म्हणून वाट आणखी खडतर होते.

थोडेसे उतरलेले द्रव खोकून बाहेर टाकायला दमदार फुफ्फुसे लागतात, आणि या कर्करोगाचे बरेच रुग्ण वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेले असतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला न थांबता दोन जिने चढायला लावण्याची जुनी चाचणी अजून टिकून आहे. धापा टाकणाऱ्या वयस्कर रुग्णाला, गाठ लहान असूनही, कधीकधी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा सल्ला दिला जातो: त्यानंतर श्वासाची आणि अन्नाची वाट कायमची वेगळी होते, आणि आवाज गेला तरी पाणी निर्धास्तपणे पिता येते.