लाल सोनं आणि चिमूटभर मीठ

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये नॅनोटेक्नॉलॉजी हे शेवटचं युनिट. त्यावरचे प्रश्न ठरलेले: टॉप-डाउन (मोठं फोडून बारीक करणं) आणि बॉटम-अप (अणू जोडत कण बांधणं) पद्धतींतला फरक, बॉल मिलची आकृती, कोणतेही चार उपयोग. मुलं आदल्या रात्री पाठ करतात, मार्क पडतात, विषय संपतो. माझं डोकं फिरतं ते एका उत्तराने. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारावं, ‘सोन्याचे नॅनोकण लाल का दिसतात?’ की ठोकळेबाज उत्तर येतं, ‘सर, क्वांटम इफेक्ट.’

नाही. आणि ते पटवायला कोट्यवधींचा मायक्रोस्कोप लागत नाही. एक हीटर, एक बीकर आणि अर्धा तास पुरतो.

गोल्ड क्लोराइडचं फिकट पिवळं द्रावण उकळायला ठेवायचं. 20 मिलिलिटर घेतलं तर त्यात सोनं जेमतेम 4 मिलिग्रॅम असतं, त्यामुळे खर्चाची सबब चालत नाही. उकळी आली की सोडियम सायट्रेट घालायचं, म्हणजे लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा क्षार. आधी पिवळा रंग उडून द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. मग शाईचा थेंब पडावा तशी करडी-निळसर झाक येते आणि बघता बघता बीकरभर कोकम सरबत तयार! ही कृती 1951 पासून वापरात आहे. आम्ही पहिल्यांदा केली तेव्हा बीकर बोअरच्या पाण्याने विसळलेला होता. सरबत जांभळट झालं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ. तेव्हापासून काचेच्या भांड्यांना डिस्टिल्ड वॉटरशिवाय हात लावू देत नाही.

आता त्या लाल रंगाकडे. इथले कण साधारण 15 नॅनोमीटरचे असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, केसाची जाडी 80,000 नॅनोमीटरच्या आसपास. तरीही अशा एका कणात सोन्याचे लाखभर अणू असतात, आणि त्यांचे मोकळे इलेक्ट्रॉन सगळ्या कणभर हिंडत असतात. प्रकाश आला की त्याचं विद्युतक्षेत्र या इलेक्ट्रॉनांना एका बाजूला ढकलतं. दुसऱ्या बाजूला धन प्रभार उघडा पडतो आणि तो त्यांना परत ओढतो. त्या ओढीत ते मधे थांबत नाहीत, पलीकडे जातात. झाला झोपाळा सुरू! झोपाळ्याला आपली एक लय असते आणि त्या लयीत रेटा मिळाला की तो चढतच जातो. सोन्याच्या या झोपाळ्याची लय पाण्यात 520 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा गिळला जातो, लाल पार होतो. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकाच वेळी एकाच दिशेचा रेटा बसतो, म्हणून हे जमतं. नेमकं सांगायचं तर, सोन्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो त्याचं माप) भोवतालच्या माध्यमाच्या उणे दुप्पट झाला की ही लय सापडते. पाण्यासाठी ती किंमत साधारण उणे साडेतीन. (हे वाक्य सुटलं तरी झोपाळा हातात ठेवा.)

यात क्वांटम कुठे आलं? फॅरेडेने लंडनमध्ये असं लाल सोनं बनवून 1857 मध्ये त्यावर लिहिलं. गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने त्याचं गणित 1908 मध्ये मांडलं, तेही मॅक्सवेलच्या वीज-चुंबकत्वाच्या जुन्या समीकरणांतून. क्वांटम मेकॅनिक्स तेव्हा जन्मायचं होतं. खरा क्वांटम रंग, म्हणजे इवल्या कणात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्यांमुळे येणारा, बघायचा तर कॅडमियम सेलेनाइडचे ‘क्वांटम डॉट’ म्हणजे ठिपक्यांएवढे कण घ्या: 2 नॅनोमीटरचा निळा उजळतो, 6 नॅनोमीटरचा लाल. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल अशाच ठिपक्यांना मिळालं. सोन्यात तो खेळ साधारण 2 नॅनोमीटरच्या खाली उतरल्यावर सुरू होतो. पण नोट्समध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात.

पाठांतराचं फळ मी 2016 च्या नोव्हेंबरात पाहिलं. नव्या 2000 च्या नोटेत ‘नॅनो चिप’ आहे, 120 मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला दिसते, हा मेसेज मला चक्क पास झालेल्या इंजिनिअरांनी पाठवला. ना बॅटरी, ना अँटेना. एवढ्या मातीखालून ती बोलणार कशी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. चार उपयोग मात्र सगळ्यांनी बरोबर लिहिले होते. दुसरा मेसेज सुवर्णभस्माचा, ‘पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी ठाऊक होती’. भस्मात बारीक कण असतील, युरोपातल्या सोनं घालून केलेल्या लाल काचेतही होते. पण कण किती मोठा हे ना वैद्याला मोजता येत होतं, ना काचवाल्याला.

आमची पारख मिठाने होते. लाल द्रावणात मिठाचं पाणी घालायचं. क्षणात निळं! एकाही कणाचा आकार बदललेला नसतो. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण प्रभाराचं आवरण असतं, त्यामुळे कण एकमेकांना लांब ठेवतात. मिठातले सोडियम आयन त्या प्रभाराला झाकतात, कण एकमेकांना चिकटतात, शेजारी शेजारी टांगलेले झोपाळे एकमेकांना ओढू लागतात आणि लय मंदावते. मग हिरव्याऐवजी तांबड्याकडचा प्रकाश गिळला जातो. गर्भचाचणीच्या किंवा कोविडच्या किटवर तुम्ही जी गुलाबी रेघ पाहिलीत, ती बहुतेक वेळा हेच सोनं असतं. तिथे कण असे चिकटू नयेत म्हणून त्यांना प्रथिनांचं कवच दिलेलं असतं.

यंदा मेकॅनिकलच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, मीठ पातळ केलं तर परत लाल होईल?’ मी उत्तर दिलं नाही, डिस्टिल्ड वॉटरची बाटली पुढे केली. तिने दुप्पट पाणी घातलं, मग चौपट. रंग फिका होत गेला, पण निळाच राहिला.