छातीतला डाग: फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान उशिरा का होते?

फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषधे गेल्या वीस वर्षांत जेवढी बदलली, तेवढी त्याआधी कधीच बदलली नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्णापर्यंत ती वेळेत पोहोचणार की नाही, हे मात्र अजूनही पुष्कळदा 'डाग' या एका शब्दापाशी ठरते.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, १९३३ मध्ये अमेरिकेत कर्करोगासाठी एका बाजूचे पूर्ण फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि १९५० मध्ये धूम्रपानाशी असलेला संबंध पुढे आला. आपल्याकडे मात्र छातीचा एक्स-रे रुजला तो क्षयासोबत. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि 'छातीत डाग आहे' म्हणजे टीबी, हे समीकरण गावोगावी पक्के झाले. टीबी हे नाव उच्चारायचे टाळण्यासाठीही हाच शब्द वापरला जाई.

खिडकीच्या उजेडाकडे धरलेल्या फिल्मवर वरच्या भागात रुपयाएवढा पांढुरका ठिपका दिसतो. खोकला, उतरलेले वजन, थुंकीत रक्ताची रेघ, ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी 'आधी टीबीचा कोर्स करून बघू' असे ठरते. हा निर्णय अगदीच निराधार नव्हता. क्षय सर्रास आढळणारा आणि संसर्गजन्य आहे, अनेक क्षयरुग्णांच्या थुंकीतही जंतू दिसत नाहीत, आणि सीटी स्कॅन किंवा बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, तालुक्याच्या गावी होत नसे. पण औषधाने लघवी लालसर झाली की घरच्यांना ते अंगाला लागल्याची खूण वाटते, कोर्स सहा महिन्यांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी गाठ हाताबाहेर जाऊ शकते. थुंकीतील क्षयजंतूंची जनुकीय चाचणी काही तासांत होऊ लागल्यानंतरही केवळ फिल्म पाहून कोर्स सुरू करणे आणि तो निमूटपणे पूर्ण करणे समर्थनीय नाही, असे स्पष्ट म्हणायला हवे.

कारण दुसऱ्या बाजूला निदानाचा अर्थच बदलला आहे. २००४ मध्ये ईजीएफआर या जनुकातील बदल आणि गोळीने होणारा उपचार यांचा संबंध उलगडला. २००९ मधील आशियाई चाचणीत हा बदल असलेल्या रुग्णांना जेफिटिनिब ही गोळी किमोथेरपीपेक्षा सरस ठरली, तर नसलेल्यांना किमोथेरपीच सरस ठरली. म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय गोळी द्यायची की नाही, हे कळतच नाही. भारतातील फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार असलेल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या हिस्स्यात हा बदल आढळतो, त्यांत कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियाही असतात, आणि जेनेरिकमुळे ही गोळी पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त झाली आहे. २०१५ पासून प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळी करणारी इम्युनोथेरपीही आली, पण तिचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

विकिरण कमी ठेवून केलेल्या सीटी स्कॅनमुळे दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांमधील या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये अमेरिकेत दिसले. ती तपासणी इथे जशीच्या तशी आणता येत नाही, कारण बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रणही सीटीवर गाठीसारखेच दिसू शकतात. म्हणूनच क्षयाची औषधे सुरू करूनही दोन महिन्यांत डाग कमी झाला नाही, तर उरलेल्या चार महिन्यांची वाट न पाहता सुईने तुकडा काढून तपासावा लागतो.