वेबलॉजिक सर्व्हर : मांडणी व दोषनिवारण

वेबलॉजिक सर्व्हर : मोठ्या संस्थांची जावा भाषेत लिहिलेली ॲप्लिकेशन्स चालवणारे ओरॅकल कंपनीचे सॉफ्टवेअर. बँकेतले व्यवहार, विम्याचे दावे, टेलिफोनची बिले अशी कामे करणारे ॲप्लिकेशन लिहिताना प्रोग्रॅमरने फक्त त्या कामाचे नियम लिहावेत. डेटाबेसशी जोडणी, एकाच वेळी येणाऱ्या शेकडो विनंत्यांची वाटणी, ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा किंवा पूर्ण रद्द होणारा व्यवहार), संदेशांच्या रांगा आणि लॉगिन ही सामाईक कामे सर्व्हरने सांभाळावीत, अशी या सॉफ्टवेअरमागची कल्पना आहे. आयबीएमचे वेबस्फीअर आणि रेड हॅटचे जेबॉस ही त्याची भावंडे. ही सामाईक कामे किती आणि कशी करायची हे सर्व्हरला आधी सांगून ठेवावे लागते. त्यालाच कॉन्फिगरेशन म्हणतात. त्यात जे सांगायचे राहून जाते, ते बहुतेक वेळा महिनाअखेरच्या गर्दीत समोर येते.

इतिहास : वेबलॉजिक ही मूळची सॅन फ्रान्सिस्कोतली छोटी कंपनी, स्थापना १९९५. तिच्या सर्व्हरचे सुरुवातीचे नाव टेंगा. १९९८ मध्ये ती बीईए सिस्टिम्सने विकत घेतली. बिल कोलमन, एड स्कॉट आणि आल्फ्रेड चुआंग या तीन संस्थापकांच्या पहिल्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘बीईए’ हे नाव पडले होते. जानेवारी २००८ मध्ये ओरॅकलने सुमारे साडेआठ अब्ज डॉलरना बीईए घेण्याचा करार केला आणि एप्रिलमध्ये तो पूर्ण झाला. आजही लॉगमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीतल्या, प्रत्येक संदेशाच्या क्रमांकाआधी ‘बीईए’ हीच अक्षरे येतात. मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीने घडवलेली फ्लेक्सक्यूब ही बँकिंग प्रणाली पुढे ओरॅकलकडे गेली आणि तीही वेबलॉजिकवर चालते. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या अनेक अभियंत्यांची नोकरीतली पहिली ओळख याच सर्व्हरशी होते.

रचना : कॉन्फिगरेशनचे एकक म्हणजे डोमेन. प्रत्येक डोमेनमध्ये एक ॲडमिन सर्व्हर असतो आणि खरे काम करणारे मॅनेज्ड सर्व्हर एक किंवा अनेक असतात. ॲडमिन सर्व्हर मुळात ७००१ या पोर्टवर (नेटवर्कवरच्या दाराच्या क्रमांकावर) ऐकतो आणि एसएसएलसाठी, म्हणजे गुप्त केलेल्या जोडणीसाठी, ७००२ वापरतो. प्रत्येक यंत्रावर सर्व्हर सुरू-बंद करणारा नोड मॅनेजर ५५५६ वर असतो. डोमेनची सगळी मांडणी कॉन्फिग डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये आणि तिला जोडलेल्या काही फाइलींमध्ये लिहिलेली असते. मूळ प्रत ॲडमिन सर्व्हरकडे राहते आणि तो ती बाकीच्यांना वाटतो. ॲडमिन सर्व्हर बंद पडला तरी मॅनेज्ड सर्व्हर आपल्याजवळच्या प्रतीवर चालत राहतात, म्हणून तो पडल्याबरोबर सगळीकडे धावाधाव करण्याचे कारण नसते. २००५ च्या ९.० आवृत्तीपासून बदल करण्याआधी कॉन्फिगरेशनला कुलूप लावावे लागते आणि बदल करून झाल्यावर ते लागू करावे लागतात. काही बदल तत्काळ लागू होतात, काहींना रिस्टार्ट लागतो. चालू डोमेनची कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून हाताने बदलू नये. ॲडमिन सर्व्हरच्या मेमरीतली जुनी मांडणी पुढच्या बदलाबरोबर फाइलीवर लिहिली जाते आणि हाताने केलेली दुरुस्ती नाहीशी होते.

डोमेनच्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये ‘सीरियलाइज्ड सिस्टिम आयएनआय’ नावाची एक छोटी फाइल असते. डोमेनमधले सगळे पासवर्ड ज्या किल्लीने गुप्त केलेले असतात ती किल्ली याच फाइलीत असते. बॅकअप घेताना ती सुटली तर कॉन्फिग फाइल जशीच्या तशी हातात असूनही डेटाबेसचा एकही पासवर्ड उलगडत नाही.

थ्रेड : आलेली प्रत्येक विनंती एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाचा एक धागा, उचलतो आणि उत्तर जाईपर्यंत तो तिच्यात गुंतलेला राहतो. जुन्या आवृत्त्यांत थ्रेडची संख्या हाताने ठरवावी लागे. ९.० पासून सर्व्हर कामाचा वेग पाहून ती स्वतः कमी-जास्त करतो, आणि कोणत्या कामाला किती वाटा द्यायचा हे वर्क मॅनेजरमध्ये सांगता येते. एकाच विनंतीत ६०० सेकंदांपेक्षा जास्त काळ गुंतलेल्या थ्रेडला सर्व्हर ‘स्टक’ म्हणतो आणि लॉगमध्ये बीईए-०००३३७ हा संदेश लिहितो. हा संदेश दिसला की ६०० चा आकडा वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने संदेश उशिरा येतो, थ्रेड मात्र अडकलेलाच राहतो. अडकलेला थ्रेड सर्व्हर मारूही शकत नाही, कारण चालू थ्रेड बाहेरून सुखरूप थांबवण्याची सोय जावामध्ये नाही.

थ्रेड कुठे अडकला हे कळण्याचा विश्वासाचा मार्ग म्हणजे थ्रेड डंप. लिनक्सवर जावाच्या प्रोसेसला ‘किल -३’ दिले, किंवा जावाचे जेस्टॅक अथवा जेसीएमडी हे साधन वापरले, की त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे याची यादी मिळते. एका डंपवरून निष्कर्ष काढू नये. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने निदान तीन घ्यावेत. एखादा थ्रेड तिन्ही डंपमध्ये सॉकेटमधून (नेटवर्कवरच्या जोडणीतून) वाचण्याच्या मेथडवर दिसला, तर तो डेटाबेसच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहतो आहे. त्याच्या खालच्या ओळींत आपल्या ॲप्लिकेशनच्या कोणत्या मेथडने ते विचारले तेही दिसते. बरेच थ्रेड एकाच कुलपासाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या हक्कासाठी) थांबलेले असतील, तर ते कुलूप धरून बसलेला एक थ्रेड शोधायचा, बाकीच्यांकडे लक्ष द्यायची गरज नाही. दोन थ्रेड एकमेकांची कुलपे अडवून बसले असतील तर जावा ते डंपच्या शेवटी स्वतःच सांगते. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला असेल तर ‘टॉप’ ही आज्ञा थ्रेडवार चालवून सर्वांत जास्त प्रोसेसर खाणाऱ्या थ्रेडचा क्रमांक घ्यायचा, तो सोळाच्या पायात बदलायचा आणि डंपमधल्या एनआयडीशी, म्हणजे तिथल्या थ्रेडच्या क्रमांकाशी, जुळवायचा. पाच मिनिटांच्या या कामाने तासन्‌तासांचे तर्कवितर्क वाचतात. तरीही पुष्कळ ठिकाणी डंप घेण्याआधीच सर्व्हर रिस्टार्ट केला जातो. सेवा परत येते, पुरावा जातो आणि दोष पुढच्या गर्दीत पुन्हा उभा राहतो.

कनेक्शन पूल : डेटाबेसचे कनेक्शन नव्याने उघडणे महाग असते, म्हणून सर्व्हर काही कनेक्शने आधीच उघडून ठेवतो, मागणाऱ्याला देतो आणि काम झाल्यावर परत घेतो. या साठ्याला पूल म्हणतात आणि त्याची मांडणी डेटा सोर्समध्ये असते. काही न सांगितल्यास एका पूलमध्ये जास्तीत जास्त १५ कनेक्शने असतात. सगळी दिलेली असतील तर नवा मागणारा १० सेकंद थांबतो आणि मग पूलमध्ये काही शिल्लक नसल्याची त्रुटी येते. इथे पहिला उपाय म्हणून १५ चे १५० करू नयेत. पूल प्रत्येक मॅनेज्ड सर्व्हरवर स्वतंत्र असतो. चार सर्व्हर आणि प्रत्येकी ५० कनेक्शने म्हणजे डेटाबेसवर २०० सेशन, आणि असे तीन डेटा सोर्स असतील तर ६००. डेटाबेसची मर्यादा ५०० असेल, तर सगळे सर्व्हर एकदम भरतील त्या दिवशी शेवटच्या शंभर कनेक्शनांना डेटाबेस नकार देणार, हे कागदावर आधीच दिसायला हवे.

पूल रिकामा होण्याची दोन वेगळी कारणे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. डेटाबेसमधली एखादी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मंद झाली तर प्रत्येक कनेक्शन जास्त वेळ बाहेर राहते. अशा वेळी पूल वाढवला की मंद झालेल्या डेटाबेसवर आणखी भार पडतो. दुसरे कारण गळती. ॲप्लिकेशन कनेक्शन घेते आणि एखाद्या त्रुटीच्या वाटेवर ते परत करायचे विसरते. वाचनालयातून गेलेली पुस्तके परतच येऊ नयेत तसे पूल हळूहळू रिकामा होतो. मंद क्वेरीमध्ये बाहेर असलेल्या कनेक्शनांचा आलेख गर्दीबरोबर चढतो आणि गर्दी ओसरली की उतरतो. गळतीत तो रात्रीही उतरत नाही. हा फरक पाहण्यासाठी फक्त एक दिवसाची नोंद लागते. गळतीवर निष्क्रिय कनेक्शने ठरावीक वेळाने ओढून परत घेण्याची सोय आहे, पण ती मलमपट्टी समजावी. खरी दुरुस्ती कोडमध्येच होते, आणि कोणत्या ओळीने कनेक्शन घेतले होते हे पूलची प्रोफाइलिंग सुविधा दाखवते.

सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यामधली फायरवॉल बराच वेळ न वापरलेले कनेक्शन कोणालाही न कळवता तोडते, हाही नेहमीचा त्रास. सकाळी पहिल्या काही वापरकर्त्यांना त्रुटी येते आणि मग सगळे आपोआप ठीक होते, हे त्याचे लक्षण. देण्याआधी कनेक्शन तपासण्याची खूण सुरू केली की बहुतेक वेळा ते थांबते.

टाइमआउटचा क्रम : या सर्व्हरचे दोष म्हणून जे नोंदवले जाते, त्यातले पुष्कळसे सर्व्हरचे नसते. कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत असते आणि किती पाहायची हे कोणी ठरवलेले नसते. म्हणून टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, हा कॉन्फिगरेशनचा गाभा मानला पाहिजे. साध्या व्यवहाराची साखळी अशी : ब्राउझर, लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा), वेबलॉजिक, ट्रान्झॅक्शन, डेटाबेसची क्वेरी. आतल्या पायरीची मुदत बाहेरच्या पायरीपेक्षा नेहमी कमी हवी. वेबलॉजिकमध्ये ट्रान्झॅक्शनची मूळ मुदत ३० सेकंद आहे. क्वेरी ९० सेकंद चालली, तर तिसाव्या सेकंदाला ट्रान्झॅक्शन रद्द होणार असे ठरते, पण डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबलेला थ्रेड त्याने जागा होत नाही. तो थांबूनच राहतो. साठाव्या सेकंदाला लोड बॅलन्सर वापरकर्त्याला त्रुटी दाखवतो, वापरकर्ता बटण पुन्हा दाबतो आणि दुसरा थ्रेडही तिथेच जाऊन उभा राहतो. क्वेरीला २० सेकंदांची मुदत आणि डेटाबेसच्या ड्रायव्हरला सॉकेट वाचण्याची मुदत दिलेली असती, तर पहिलाच थ्रेड मोकळा झाला असता. दोन डेटाबेसवर पसरलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ओरॅकल डेटाबेसची दूरस्थ कुलपांची मुदतही, जी मुळात ६० सेकंद असते, वेबलॉजिकच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवावी लागते. अशा ट्रान्झॅक्शनांची नोंदवही सर्व्हर स्वतःच्या स्टोअरमध्ये ठेवतो. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून त्या फाइली पुसून टाकणे घातक आहे, कारण अर्ध्यावर राहिलेल्या व्यवहाराचा निवाडा त्यांतूनच होतो.

इंटिग्रेशन : वेगवेगळ्या प्रणालींना जोडणारे ओरॅकलचे एसओए सूट आणि सर्व्हिस बस वेबलॉजिकवरच चालतात, त्यामुळे वरचे सगळे दोष तिथे वारशाने येतात आणि काही नव्यांची भर पडते. बीपीईएल (कामाच्या पायऱ्या क्रमाने मांडण्याची भाषा) वापरून लिहिलेली प्रक्रिया कधी काही सेकंद चालते, कधी मंजुरीसाठी दिवसेंदिवस थांबते. थांबताना तिची अवस्था डेटाबेसमध्ये साठवली जाते. उत्तराची वाट पाहणाऱ्याची मुदत सर्वांत कमी, बीपीईएल इंजिनच्या ट्रान्झॅक्शनची तिच्यापेक्षा जास्त आणि पूर्ण डोमेनची सर्वांत जास्त, असा क्रम पाळावा लागतो. मागणाऱ्याची मुदत संपली तरी मागची प्रक्रिया पुढे जाऊन पूर्ण होऊ शकते. समोर त्रुटी दिसली म्हणून तीच विनंती पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा वळते होतात. फसलेल्या प्रक्रियांवर पुन्हा प्रयत्नाचे बटण दाबण्याआधी ती क्रिया दोनदा झाल्याने काय होईल याचे उत्तर हातात असलेच पाहिजे. ही तांत्रिक बाब वाटते, पण तिच्या पलीकडे कोणाचे तरी खाते असते.

संदेशांच्या रांगेतही असाच सापळा आहे. वाचणाऱ्याने नाकारलेला संदेश रांगेत परत येतो आणि किती वेळा परत यावा याला मुळात मर्यादा नाही. एखादा संदेशच बिघडलेला असेल तर तो अखंड फिरत राहतो, लॉग भरतो आणि डिस्क संपते. फेऱ्यांची मर्यादा, दोन फेऱ्यांमधला विराम आणि नाकारलेल्या संदेशांसाठी वेगळी रांग या तीन गोष्टी पहिल्या दिवशीच लावाव्यात.

नव्याने उभारलेले डोमेन सुमारे सहा महिन्यांनी अचानक सुरू होईनासे होते, याचे कारण पुष्कळदा डेटाबेसमध्ये सापडते. ओरॅकल डेटाबेसच्या ११जी आवृत्तीपासून पासवर्डची मूळ मुदत १८० दिवस आहे आणि एसओए सूटची स्वतःची स्कीमाखातीही त्यातून सुटत नाहीत. मुदत संपते, कोणीतरी डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलतो पण डेटा सोर्समध्ये जुनाच राहतो. पूल जुन्या पासवर्डने प्रयत्न करत राहतो आणि दहा फसलेल्या प्रयत्नांनंतर खातेच बंद होते. लॉगमध्ये शेवटी दिसणाऱ्या शेकडो त्रुटी वेगळ्याच असतात. पहिली त्रुटी वाचली तरच हे कळते.

इतर दोष : हीपची, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट ठेवण्याची, मेमरी संपली तर त्या क्षणी हीप डंप (त्या मेमरीची प्रत) आपोआप घेतला जाईल असा पर्याय आधीच लावून ठेवावा. जावा ८ पासून पर्मजेनची (क्लासची माहिती ठेवणाऱ्या मेमरीची) जागा मेटास्पेसने घेतली, त्यामुळे सुरुवातीच्या स्क्रिप्टमधले पर्मजेनचे जुने आकडे निरुपयोगी झाले. एकच लायब्ररी सर्व्हरमध्ये आणि ॲप्लिकेशनमध्ये वेगवेगळ्या आवृत्तीत असेल, तर कोणती आधी घ्यायची हे वेबलॉजिकच्या डिस्क्रिप्टरमध्ये (ॲप्लिकेशनसोबतच्या मांडणीच्या फाइलीत) लिहिता येते. लॉक फाइलवरून (सर्व्हर आधीच चालू आहे असे सांगणाऱ्या फाइलीवरून) सर्व्हर सुरू होत नसेल, तर ती पुसण्याआधी जुनी प्रोसेस अजून जिवंत नाही ना हे पाहावे.

सुरक्षा : टी३ हा वेबलॉजिकचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे आणि तो जावाचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे पाठवतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच वाटेने लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवा तो आदेश चालवता येतो हे जाहीर झाले. २०१७ मध्ये उघड झालेल्या आणखी एका त्रुटीतून हल्लेखोरांनी जगभरच्या सर्व्हरवर क्रिप्टो चलनाचे मायनिंग चालवले. प्रोसेसर कारणाशिवाय भरलेला दिसला आणि थ्रेड डंपमध्ये काहीच सापडले नाही, तर यंत्रावर अनोळखी प्रोसेस आहे का हेही पाहावे लागते. ऑक्टोबर २०२० च्या त्रुटीत तर ॲडमिन कन्सोलच (सर्व्हरचा कारभार पाहण्याचे ब्राउझरमधले पान) लॉगिनशिवाय ताब्यात घेता येत होता. ओरॅकल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये पॅच (दुरुस्त्या) देते. कन्सोलचे आणि टी३ चे पोर्ट बाहेरच्या जगाला दिसू नये आणि पॅच त्या तिमाहीतच लावला जावा, या दोन गोष्टींना पर्याय नाही. डिसेंबर २०२४ च्या १४.१.२ आवृत्तीत सर्व्हरच्या आत चालणारा जुना कन्सोल काढून टाकला आहे आणि त्याचे काम आता रिमोट कन्सोल या वेगळ्या साधनाकडे आहे.