शर्यतीतला टर्बो आणि आपल्या गाडीतला टर्बो : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

आमच्या कार्यशाळेत टर्बोचार्जरची तपासणी, दुरुस्ती आणि बॅलन्सिंग ही कामे होतात. टर्बो बसवलेल्या छोट्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर वाढल्यापासून एक प्रश्न आम्हांला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. फॉर्म्युला वनच्या गाडीचे इंजिन अवघे १.६ लिटरचे असते, आमचेही त्याच्या जवळपास जाणारे आहे आणि टर्बो दोन्हीकडे आहे. मग आमच्या गाडीला तसा पिकअप का मिळत नाही, आणि तो तुम्ही का देत नाही? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर काउंटरवर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. एका वाक्यात सांगायचे तर यंत्र दोन्हीकडे एकच आहे. त्याच्याकडून किती काळ काम घ्यायचे, हा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे.

टर्बोचे काम

इंजिनाची ताकद आत किती इंधन ओतले यावर ठरत नाही, तर ते इंधन जाळायला किती हवा मिळाली यावर ठरते. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त धुराच्या वाटेत टर्बाइन नावाचे पात्यांचे चक्र बसवलेले असते आणि त्याच शाफ्टच्या (दांड्याच्या) दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चक्र असते. एरवी वाया जाणारा धूर पहिल्याला फिरवतो आणि दुसरे बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. दाबल्यावर हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून वाटेत तिला थंड करणारा इंटरकूलर लागतो. दाब, म्हणजे बूस्ट, प्रमाणाबाहेर जाऊ लागला की वेस्टगेट नावाची झडप उघडून धुराचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले होते.

छोट्या गाडीच्या टर्बोतले कॉम्प्रेसरचे चक्र पेढ्याहून फारसे मोठे नसते आणि पूर्ण जोरात ते मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फेरे घेऊ शकते. फॉर्म्युला वनच्या २०१४ पासूनच्या नियमांत टर्बोसाठी मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांची मर्यादा घातली गेली, म्हणजे या एका बाबतीत आपली गाडी शर्यतीच्या गाडीच्या पुढे आहे. हे ऐकून ग्राहक हसतात, पण कारण साधे आहे : चक्र जितके लहान, तितके ते अधिक वेगाने फिरवावे लागते. बहुतेक गाड्यांत हा शाफ्ट बॉल बेअरिंगवर नव्हे, तर तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर क्षणभर तुटला तरी धातू धातूला लागतो.

शर्यतीत टर्बो कसा आला

कमिन्स हे नाव पुण्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी येथे १९६२ साली सुरू झाली; त्याच्या दहा वर्षे आधी, १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत, कमिन्सच्या ६.६ लिटर टर्बो डिझेल इंजिनाच्या गाडीने पात्रता फेरीत पहिली जागा पटकावली होती. चालक होता फ्रेड अगाबाशियन. ट्रकच्या वंशातले इंजिन सर्वांच्या पुढे उभे राहिले, पण शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबवावी लागली, कारण टायरच्या रबराचा चुरा ओढला जाऊन टर्बोत हवा शिरण्याची वाट तुंबली होती. एअर फिल्टर बदलायला सांगितले की ‘अजून सहा महिने चालेल’ असे म्हणणाऱ्या ग्राहकांना आम्ही ही हकिगत आवर्जून सांगतो.

फॉर्म्युला वनमध्ये टर्बो अवतरला तो १९७७ च्या जुलैत, इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला. साधे इंजिन असेल तर ३ लिटर आणि दाबाने हवा भरणारे असेल तर १.५ लिटर, अशी मुभा नियमात आधीपासून होती, परंतु रेनोने ती वापरेपर्यंत टर्बो घेऊन कोणीच उतरले नव्हते. झाँ-पिएर झाबुई चालवत असलेली ही पिवळी गाडी इतक्या वेळा धूर सोडत बंद पडली की इंग्रजांनी तिचे नाव ‘पिवळी किटली’ ठेवले. मोडतोडीपेक्षाही त्रासदायक अडचण होती ‘लॅग’ची : ॲक्सिलरेटर दाबल्यावर धूर वाढून चक्र वेग घेईपर्यंत काही होत नसे आणि मग सगळी ताकद एकदम येई, त्यामुळे वळणातून बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी चालकाला अंदाजाने पाय दाबावा लागे. व्ही-६ इंजिनाच्या दोन बाजूंना एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो दिल्यावर हा दोष बराच आटोक्यात आला आणि १ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधील दिजाँ येथे झाबुईनेच टर्बो इंजिनाची पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली.

पुढची काही वर्षे केवळ दाब वाढवण्याची होती. बीएमडब्ल्यूने आपल्या रस्त्यावरच्या गाडीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या ब्लॉकवरून १.५ लिटरचे इंजिन तयार केले आणि १९८३ साली नेल्सन पिके त्या इंजिनावर जगज्जेता झाला. टर्बो गाडीने मिळवलेले ते पहिले विजेतेपद. १९८६ पर्यंत पात्रता फेरीसाठी बूस्ट ५ बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) वर नेला जाई, ताकद १,३०० अश्वशक्तीच्या पलीकडे गेल्याचे अंदाज बांधले जात आणि असे इंजिन मोजक्या फेऱ्या मारून उतरवून ठेवले जाई. इंधनही पंपावरचे नव्हते. इतक्या दाबाखाली साधे पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटते आणि पिस्टनचे तुकडे होतात. म्हणून होंडाच्या १९८८ च्या इंजिनात ८४ टक्के टोल्युइन (सहजासहजी आपोआप न पेटणारे रसायन) असलेले मिश्रण वापरले गेले. ‘थोडा बूस्ट वाढवून द्या’ म्हणणाऱ्यांनी एवढा तपशील लक्षात ठेवला तरी आमचे निम्मे काम होईल.

नियम करणाऱ्यांनी १९८७ साली दाब ४ बारवर आणि १९८८ साली २.५ बारवर आणला. त्या शेवटच्या वर्षी शर्यतीपुरते इंधनही १५० लिटरच ठेवले. टर्बोवाले मागे पडावेत हा हेतू होता. प्रत्यक्षात होंडाचे इंजिन असलेल्या मॅक्लारेन संघाने त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, कारण कमी दाबात आणि कमी इंधनात इंजिन नीट चालवणे त्यांना इतरांहून चांगले जमले. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली.

२०१४ नंतरचे शर्यतीचे इंजिन

टर्बो २०१४ साली परत आला, तोपर्यंत विचार पूर्ण बदललेला होता. (आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, त्या बिनटर्बोच्या व्ही-८ गाड्यांच्या, अगदी एका वर्षाने आपली संधी हुकली.) नव्या नियमांनी १.६ लिटरच्या इंजिनाला तासाला १०० किलोहून अधिक इंधन घ्यायला मनाई केली आणि प्रत्येक चालकाला पहिल्या वर्षी पूर्ण हंगामासाठी केवळ ५ इंजिनसंच दिले. ताकद वाढवायची तर धुरातून आणि उष्णतेतून वाया जाणारी ऊर्जा पकडणे, एवढाच मार्ग उरला.

तो मार्ग टर्बोच्या शाफ्टवर विजेची मोटर बसवून काढला गेला. चालकाने पाय दाबताच मोटर चक्राला वेग देई, त्यामुळे लॅग उरत नसे. आणि धूर गरजेपेक्षा जास्त असे तेव्हा तीच मोटर जनित्र होऊन वीज तयार करी. मर्सिडीजने कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला आणि टर्बाइन मागच्या टोकाला ठेवून दोहोंना जोडणारा लांब शाफ्ट मधून नेला, म्हणजे धुराची धग हवेपर्यंत पोहोचत नसे. इंधनातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक कामी आणल्याचे याच कंपनीने २०१७ साली आपल्या चाचणीकक्षात दाखवले. साध्या पेट्रोल इंजिनात हा वाटा एक तृतीयांशाच्या मागेपुढे असतो. मात्र ही मोटर महाग आणि किचकट असल्याने २०२६ च्या नियमांतून तिला वगळले आहे आणि चाकांकडची विजेची मोटर १२० किलोवॉटवरून ३५० किलोवॉटवर नेली आहे. विजेवर फिरणारा टर्बो रस्त्यावर मात्र आलेला आहे. मर्सिडीज-एएमजीने २०२२ साली तो एका मोटारीत दिला.

शर्यतीत तयार होते ते पुढे रस्त्यावर येते, असा सर्वसाधारण समज असला तरी उलटही घडते. टर्बाइनभोवतीच्या हलत्या पात्यांनी धुराची वाट अरुंद किंवा रुंद करणारा टर्बो रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांत १९९० च्या दशकापासून आहे. ऑडीने तो २०११ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत वापरला आणि शर्यत जिंकली. आमच्याकडे येणाऱ्या अनेक डिझेल गाड्यांत हाच प्रकार असतो, आणि गाडी कायम शहरात मंद चालली की कार्बन धरून ही पाती अडकतात. अशा वेळी गाडी उचलत नाही आणि काळा धूर सोडते; पुष्कळदा टर्बो बदलावा लागत नाही, खोलून साफ केला की काम भागते.

आम्ही जे करून देत नाही

रॅलीच्या गाड्यांत ‘अँटी-लॅग’ नावाची युक्ती असते. चालकाने पाय काढल्यावरही ठिणगी उशिरा देऊन इंधन मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातला धूर टर्बाइनकडे नेणाऱ्या नळ्यांत) जाळले जाते, त्या भडक्याने टर्बाइन फिरते राहते आणि सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे बार निघतात. तरुण ग्राहकांना हे बार फार आवडतात. त्या भडक्यात टर्बाइन आणि मॅनिफोल्ड किती काळ टिकणार, याची फिकीर शर्यतीच्या संघाला नसते, कारण तेथे भाग ठरावीक अंतरानंतर बदललेच जातात. रस्त्यावरच्या गाडीला आम्ही हे बसवून देत नाही, कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर बूस्ट नेत नाही आणि सायलेन्सरमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढत नाही. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नेही मनाई आहे.

टर्बो सांभाळणे

टर्बो स्वतःहून क्वचित बिघडतो. त्याला बहुधा तेल मारते. खंबाटकी घाट भरल्या गाडीने चढून पहिल्या हॉटेलाशी थांबताच चावी फिरवली, तर टर्बाइन तापलेले असते आणि तेलाचा प्रवाह त्याच क्षणी थांबतो; बेअरिंगपाशी अडकलेले तेल जळून त्याचा कार्बन होतो. म्हणून जोरात चालवल्यानंतर शेवटचे एकदोन किलोमीटर सावकाश यावे, किंवा इंजिन मिनिटभर फेरे न वाढवता चालू ठेवावे. सकाळी गाडी सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबू नये. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच वापरावे आणि मुदतीत बदलावे.

मध्यंतरी एक टॅक्सी आमच्याकडे आली, तिला दुसरीकडे दोनदा नवा टर्बो बसवला गेला होता आणि दोन्ही वेळा तो महिन्याभरात गेला. आम्ही टर्बोच्या आधी तेलाची नळी सोडवली. तिच्या बॅन्जो बोल्टचे (तेल जाण्यासाठी आतून पोकळ असलेल्या बोल्टचे) भोक कार्बनने इतके बुजले होते की त्यातून टाचणीही जाईना. तेव्हापासून टर्बो बदलताना ही नळी आणि बोल्ट नवे घालण्याचा आम्ही नियम केला आहे, आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दिसतील.

तपासणी ग्राहकासमोर होते. कॉम्प्रेसरच्या चक्राचे नट चिमटीत धरून आम्ही शाफ्ट हलवून दाखवतो : तेल नसताना आडवी किंचित हालचाल होणे साहजिक आहे, पण शाफ्ट मागेपुढे सरकत असेल किंवा पात्यांच्या कडा बाहेरच्या आवरणाला घासल्याचे चकचकीत चट्टे दिसत असतील, तर टर्बो उतरवावा लागतो. नुसती शिट्टी ऐकू येते म्हणून तो बदलण्याची घाई करू नये. पुष्कळदा होजची क्लिप सैल असते आणि ती आवळायचे आम्ही पैसे घेत नाही. काढलेला जुना टर्बो ग्राहकाला परत दिला जातो. गाडी आणताना मागच्या तेलबदलाची पावती सोबत आणावी.