ओढ्यातला दगड उलटून पाहा

कोळशाच्या खुल्या खाणीखालचा ओढा कधी नारिंगी वाहतो, कधी अगदी नितळ. नारिंगी ओढ्याचे फोटो निघतात, त्याच्याबद्दल ओरडही होते. मला मात्र नितळ ओढ्याची जास्त धास्ती वाटते, कारण त्याच्या पाण्यात काय मिसळलंय हे बघायला सहसा कुणी वाकत नाही.

खुल्या खाणीत कोळशावरचे खडकाचे थर सुरुंगांनी फोडून बाजूला रचतात. या मालाला ओव्हरबर्डन म्हणतात, खाणीवरच्या बोलण्यात नुसतं ‘ओबी’. अखंड खडकात पाणी आणि हवा फारशी शिरत नाही. तोच खडक फोडला की प्रत्येक तुकडा सगळ्या बाजूंनी उघडा पडतो आणि दर पावसात ढिगारा आतून धुऊन निघतो. ओढ्याचं जे काही होतं, त्याची सुरुवात या ढिगाऱ्यात होते.

त्या तुकड्यांत पायराइट असतं, लोह आणि गंधकाचं पितळेसारखं चमकणारं खनिज. हवा आणि पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि लोह विरघळून वाहू लागतं. पाणी आम्लधर्मी झालं की लोहाचं ऑक्सिडीकरण खरं तर मंदावायला हवं. पण तिथे अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे जिवाणू असतात. विरघळलेल्या लोहावर जगणारे हे जीव ती मंद पायरी दहा लाख पटींपर्यंत वेगवान करू शकतात. कोल्मर आणि हिंकल यांनी १९४७ साली कोळसा खाणींच्या आम्लधर्मी पाण्यातच जिवाणूंची ही कामगिरी दाखवून दिली. पुढे ओढ्याला चांगलं पाणी येऊन मिळालं की आम्लता उतरते आणि लोह नारिंगी गाळ होऊन तळाच्या गोट्यांवर बसतं. खडकातून सुटलेलं अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर साचतं आणि त्यांचा श्वास कोंडतो.

आता नितळ ओढा. खडकात चुनखडीसारखी खनिजं पुरेशी असली तर ती आम्ल जागीच मारतात. पाण्याचा सामू सात-आठच्या आसपास येतो, लोह मागेच राहतं, पाणी काचेसारखं दिसतं. पण आम्ल मारताना जे तयार झालं ते कुठे जाणार? सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हे सगळं विरघळून ओढ्यात उतरतं. डोळ्यांना ते दिसत नाही, विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) मोजणाऱ्या मीटरला दिसतं. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत माथे फोडून कोळसा काढतात आणि ओबी दऱ्यांत लोटतात. १९८५ ते २००१ या काळात तिथले सुमारे ११६५ किलोमीटर लांबीचे ओढे अशा भरावाखाली गाडले गेले. जे ओढे भरावाखालून पुढे वाहतात त्यांच्यासाठी तिथल्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये वाहकतेचा मापदंड ठरवला: ३०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर. त्याच्या वर गेलं की ओढ्यातले कीटक नाहीसे होऊ लागतात. भरावांखाली हजारच्या घरातले आकडे सर्रास सापडतात.

मीटर नसला तर दगड उलटावा. चांगल्या डोंगरी ओढ्यात दगडाच्या खालच्या अंगाला मेफ्लाय या कीटकाची पिल्लं चिकटलेली असतात: चपटं शरीर, मागे सहसा तीन बारीक शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, आणि ते सारखे हलत असतात. अगदी कमी क्षारांच्या पाण्यासाठी घडलेला हा जीव आहे. क्षार वाढले की बहुतेक आधी तोच जातो. मग त्याच्यावर जगणारे मासे उपाशी राहतात, आणि पाणी तरीही काचेसारखंच असतं.

खडकातूनच सुटणाऱ्या सेलेनियम या मूलद्रव्याचं दुखणं याहून चिवट. पाण्यात ते अगदी थोडं असतं, पण शेवाळ ते हजारो पटींनी साठवतं, शेवाळातून ते किड्यांत जातं आणि किड्यांतून माशांत. मादीकडून ते अंड्याच्या बलकात उतरतं. मोठा मासा धडधाकट दिसतो, पिल्लं मात्र वाकड्या कण्याची निघतात. कॅनडातल्या एल्क खोऱ्यात कोळसा खाणींमधून सुटलेलं सेलेनियम नदीवाटे सीमा ओलांडून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यापर्यंत पोहोचलं आहे. त्या खोऱ्यातल्या खाणींच्या प्रदूषणाबद्दल २०२१ साली न्यायालयाने ६ कोटी कॅनेडियन डॉलरचा दंड केला.

खाण संपल्यावर ढिगाऱ्यावर माती टाकून गवत लावतात. गवताने मातीची धूप थांबते आणि गढूळपणा बराच कमी होतो. आतल्या खडकाचं विरघळणं मात्र त्याने थांबत नाही. अ‍ॅपलाचियातल्या पंधरा ओढ्यांच्या एका पाहणीत, वरचा भराव हिरवा होऊन ११ ते ३३ वर्षं झाली होती, तरी बहुतेक ओढ्यांत वाहकता चढीच होती आणि कीटक परतले नव्हते. म्हणून खरं काम खोदतानाच करावं लागतं. पायराइट आणि सेलेनियमचे थर आधी ओळखून वेगळे काढायचे, चिकणमातीत गुंडाळून ठेवायचे, आणि पावसाचं पाणी ढिगाऱ्यात मुरण्याआधीच चर खणून वळवायचं. त्याच्याही आधी, पहिला सुरुंग उडण्यापूर्वी, त्या ओढ्यातले दगड उलटून खाली कोण राहतं याची नोंद करून ठेवायची.